कर्ता हरवलेली वाक्ये : भ्रष्टाचार आणि वृत्तमाध्यमांचे काम



शासकीय मराठीत एक वाक्य आपल्याला वारंवार भेटते : 'सदर कामासाठी निधी मंजूर करण्यात आला असून काम पूर्ण करण्यात आले आहे.' व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. पण निधी कोणी मंजूर केला, किती केला, काम कोणी केले आणि ते पूर्ण झाल्याचे कोणी पाहिले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. मराठीच्या व्याकरणात आपण नवीन कर्मणी प्रयोग अभ्यासतो. 'रामाकडून रावण मारला गेला' या वाक्यात कर्त्याचे महत्त्व कमी होते. तरी 'कडून' या शब्दयोगी अव्ययाच्या आधाराने तो वाक्यात टिकून राहतो. '-ण्यात येणे' ही त्याच नात्यातली रचना. तिच्यात कर्ता सांगण्याची गरजच उरत नाही. तो गाळला तरी वाक्य अपुरे वाटत नाही, आणि वाचणाऱ्यालाही काही राहून गेल्यासारखे वाटत नाही.

या रचनेचा प्रत्येक वापर कपटाचा असतो, असे मला म्हणायचे नाही. शासन व्यक्तीच्या नावाने बोलत नाही, पदाच्या आणि नियमाच्या नावाने बोलते. त्यामुळे त्याच्या भाषेत थोडी अनामिकता येणारच. परंतु जेथे सार्वजनिक पैशाचा हिशेब लागत नाही, तेथे हीच रचना आडोसा बनते. दोष सर्वांचा होतो, म्हणजेच कोणाचाही राहत नाही.

भ्रष्टाचाराविरुद्धच्या लढ्यात वृत्तमाध्यमांची भूमिका काय, या प्रश्नाचे माझे उत्तर येथूनच सुरू होते. माध्यमांनी आरोळ्या ठोकाव्यात, संताप व्यक्त करावा, ही त्यांच्याकडून असलेली अपेक्षा दुय्यम आहे. त्यांचे मुख्य काम हरवलेला कर्ता शोधून तो वाक्यात परत आणण्याचे आहे. कोणी, केव्हा, किती आणि कशाच्या बदल्यात, हे कागदाच्या आधाराने सांगण्याचे आहे. हे काम राजधानीत अधूनमधून होते. तालुक्याच्या ठिकाणी, जेथे आपल्यापैकी बहुतेकांचा शासनाशी प्रत्यक्ष संबंध येतो, तेथे ते फार कमी होते. माझी काळजी या दुसऱ्या गोष्टीची आहे.

श्रीवर्धन मतदारसंघ आणि १९८१ चा लेख

हरिहरेश्वर हे श्रीवर्धन तालुक्यातले गाव. दक्षिण काशी आणि पेशव्यांचे कुलदैवत ही त्याची ओळख सर्वांना असते. आपल्या विषयाच्या संदर्भात मात्र या परिसराची आणखी एक ओळख आहे. वृत्तपत्रातील लेखानंतर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागल्याचा जो सर्वांत गाजलेला प्रसंग आहे, त्यातील मुख्यमंत्री याच श्रीवर्धन मतदारसंघाचे आमदार होते.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले हे शेजारच्या म्हसळा तालुक्यातील आंबेत गावचे. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते त्यांच्या कारकिर्दीत; संजय गांधी निराधार अनुदान योजनाही त्याच काळातली. झटपट निर्णय घेणारा आणि कोकणाविषयी आस्था असणारा नेता ही त्यांची प्रतिमा या भागात आजही पुसलेली नाही. हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण भ्रष्टाचाराच्या बातम्या पुष्कळदा देव आणि राक्षस यांच्या भाषेत लिहिल्या जातात. प्रत्यक्षात लोकोपयोगी काम करणाऱ्या माणसाच्या कारभाराबद्दलही कठोर प्रश्न विचारावे लागतात, आणि ते विचारण्यासाठी त्याला राक्षस ठरवावे लागत नाही.

त्या काळी सिमेंट ही नियंत्रित वस्तू होती. घर बांधायचे तर सरकारी परवान्यावर सिमेंट घ्यावे लागे. नियंत्रित दर आणि काळ्या बाजारातील दर यांत मोठी तफावत असे. म्हणून सिमेंटचा कोटा मिळणे म्हणजे जवळजवळ पैसा हाती येण्यासारखेच होते. याच सुमारास मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराने 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' हा न्यास स्थापन झाला. साहित्यिक आणि कलावंतांना साहाय्य करणे हा त्याचा घोषित हेतू होता. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला. न्यासाला मिळणाऱ्या देणग्या आणि सरकारकडून होणारे सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध आहे, हे त्या वृत्तपत्राने पुढे आणले. प्रकरण विधिमंडळात, संसदेत आणि न्यायालयात गेले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंटवाटप यांत देवाणघेवाणीचे नाते असल्याचा निष्कर्ष नोंदवला, आणि अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

भाषेच्या विद्यार्थ्याने या प्रकरणातील एका शब्दाकडे लक्ष द्यावे. तो शब्द म्हणजे 'देणगी'. देणगी स्वेच्छेने दिली जाते आणि तिच्या बदल्यात काही मागितले जात नाही, हा या शब्दाचा गाभ्याचा अर्थ आहे. न्यासाच्या कागदपत्रांत हा शब्द होता; पैसेही उघडपणे, बँकेमार्फत आलेले होते. मग बातमी कशात होती? देणाऱ्यांची यादी आणि सिमेंट मिळालेल्यांची यादी शेजारी शेजारी ठेवण्यात. या याद्या वेगवेगळ्या फायलींत असताना दोन्ही निरुपद्रवी होत्या. एकत्र वाचल्यावर 'देणगी' हा शब्द आपला अर्थ टिकवू शकला नाही. शौरी यांचे लेखन तिखट होतेच, पण त्या तिखटपणाने राजीनामा घडवला नाही. तो जुळणाऱ्या नोंदींनी घडवला.

या प्रकरणाचा उत्तरार्ध तितकाच बोधप्रद आहे. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, असे सोपवणेच कायद्याला धरून नव्हते, असा निर्णय बहुमताने दिला. विधीच्या अभ्यासक्रमात हा निर्णय आजही शिकवला जातो. अंतुले पुढे लोकसभेवर निवडून गेले आणि दोनदा केंद्रीय मंत्री झाले. म्हणजे बातमीने पद गेले, परंतु बातमीने शिक्षा झाली नाही. काहींना यात माध्यमांचे अपयश दिसते. मला तसे वाटत नाही. गुन्हा सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम आहे, त्याचे निकष वेगळे आहेत आणि ते कडकच असले पाहिजेत. वृत्तपत्राने प्रश्न असा मांडावा की सत्तेला उत्तर देणे भाग पडावे. निकाल आपल्या पहिल्या पानावर लावू नये.

दोन जुने धडे

मराठी वृत्तपत्रसृष्टीला हे काम नवे नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, तेव्हापासून राज्यकर्त्यांच्या कारभाराची चर्चा हा मराठी पत्रकारितेचा एक हेतू राहिला आहे. पण केवळ अभिमान बाळगण्यापेक्षा त्या इतिहासातून दोन धडे घ्यावेत.

पहिला धडा कोल्हापूर प्रकरणाचा. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांना कारभारी माधवराव बर्वे यांच्या काळात वाईट वागणूक मिळते, असे 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी लिहिले. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती बनावट असल्याचे उघड झाले. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही १८८२ मध्ये दोघांना बदनामीच्या खटल्यात शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. लोकांनी त्यांचा सत्कार केला, आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, आणि ती घटना स्वातंत्र्यलढ्याच्या कथेत सामावून गेली. तिच्यातला व्यावसायिक धडा मात्र आपण विसरतो. हेतू निर्मळ होता, धैर्य खरे होते. पण कागद खोटा होता. तो हाती आला त्याच क्षणी तो कोठून आला, कोणाच्या हस्ताक्षरात आहे, कोणाच्या फायद्याचा आहे, हे विचारायला हवे होते. आजच्या काळात भ्रमणध्वनीवर क्षणात येऊन पडणाऱ्या छायाचित्रांच्या आणि ध्वनिफितींच्या बाबतीत हा धडा अधिकच लागू पडतो.

दुसरा धडा क्रॉफर्ड प्रकरणाचा. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच नावाचे. पुढे पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर असताना तो मामलेदारांकडून बढती-बदलीसाठी पैसे घेतो, असा आरोप झाला. १८८८ मध्ये चौकशी सुरू झाली. ज्या मामलेदारांनी पैसे दिले होते, त्यांनी साक्ष द्यावी म्हणून सरकारने त्यांना अभय दिले. चौकशीत लाचेचा आरोप सिद्ध मानला गेला नाही; कर्ज घेतल्याच्या कारणावरून क्रॉफर्डला नोकरीतून दूर करण्यात आले. नंतर मात्र साक्ष देणाऱ्या मामलेदारांवरच कारवाईची पाळी आली. दिलेले अभय मोडले जात आहे, हे टिळकांनी 'केसरी'तून आणि जाहीर सभेतून ठामपणे मांडले.

टिळकांची ही भूमिका सोपी नव्हती. ते मामलेदार काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांनी लाच दिलेली होती. तरी लाच उघड करणाऱ्याला दिलेला शब्द सरकारने मोडला, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही, ही गोष्ट त्यांनी ओळखली. भ्रष्टाचाराची माहिती बहुधा आतल्याच माणसाकडून बाहेर येते, आणि तो माणूस बहुधा पूर्ण निष्कलंक नसतो. बातमी छापून झाल्यावर त्याला वाऱ्यावर सोडणे हा माध्यमांचा मोठा दोष आहे. पहिल्या दिवशी मथळा देणारे वृत्तपत्र सहा महिन्यांनी त्या माणसाची बदली कोठे झाली, हे विचारते का, यावरून त्याची परीक्षा करावी.

किनाऱ्यावरची शांतता आणि किनाऱ्यावरचा गोंगाट

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. भ्रष्टाचार म्हणजे केवळ पैशांची गळती, असा आपला समज असतो. श्रीवर्धन तालुक्याने त्याची दुसरी बाजू पाहिली आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यासाठी वापरलेले आरडीएक्स आणि शस्त्रे त्याआधी याच तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. दिघीलाही माल उतरला होता. या कामी डोळेझाक केल्याबद्दल, मदत केल्याबद्दल आणि त्यासाठी पैसे घेतल्याबद्दल सीमाशुल्क खात्यातील अधिकाऱ्यांना आणि स्थानिक पोलिसांना विशेष टाडा न्यायालयाने दोषी ठरवले. मार्च २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या यंत्रणांच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले.

चोरटी आयात या किनाऱ्याला नवी नव्हती. 'हप्ता', 'चिरीमिरी', 'चहापाणी' हे शब्द कसे वापरले जातात, ते पाहा. लाच हा शब्द कानाला टोचतो. चहापाणी टोचत नाही. हप्ता तर नियमितपणाचा शब्द आहे, विम्याचाही हप्ता असतो आणि कर्जाचाही. गैरव्यवहाराला घरगुती नाव मिळाले की तो घरचाच होऊन जातो. रात्रीच्या गाडीकडे पाहून न पाहिल्यासारखे करण्यासाठी घेतलेला पैसा घेणाऱ्याला बहुधा नेहमीचाच वाटला असेल. गाडीत काय आहे, हे त्याने विचारले नाही. न विचारण्याचेच तर पैसे होते. लाचेची ही साखळी लोकांसमोर सविस्तर आली ती स्फोटांनंतरच्या तपासात. जी बातमी आधी हवी होती, ती आरोपपत्राच्या रूपाने नंतर आली.

याच्या उलट प्रसंग ऑगस्ट २०२२ मधला. १८ ऑगस्टला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारस नौका सापडली आणि तिच्यात एके-४७ बंदुका मिळाल्या. काही तासांत वाहिन्यांच्या गाड्या येऊन थडकल्या. १९९३ ची आठवण असल्यामुळे काळजी वाटणे स्वाभाविक होते. परंतु 'दहशतवादी कट' हा शब्दप्रयोग माहितीच्या पुष्कळ आधी पडद्यावर झळकला. नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून इंजिन बिघडल्यामुळे भर समुद्रात सोडून देण्यात आली होती आणि वाहत येथवर आली, असे त्याच दिवशी गृहखात्याच्या वतीने विधानसभेत सांगण्यात आले. दोन-तीन दिवसांत गाड्या परत गेल्या.

समुद्रातून आलेले दृश्य टिपायला कॅमेरा तत्काळ पोहोचतो, याबद्दल तक्रार नाही. पण कचेरीच्या टेबलावरची लाच दृश्य नसते. तिला वाट पाहावी लागते, फायली वाचाव्या लागतात, त्याच रस्त्याने दहा वेळा जावे लागते. त्यासाठी गाडी आणि कॅमेरा यांपेक्षा त्या गावात राहणारा, तिथली भाषा आणि माणसे ओळखणारा वार्ताहर लागतो.

तालुक्याचा वार्ताहर

या वार्ताहराची स्थिती काय आहे? बहुतेक ठिकाणी तो पगारी नोकर नसतो. त्याला तुटपुंजे मानधन मिळते. जाहिराती आणून दिल्यास त्यावर कमिशन मिळते. जाहिराती कोण देतो? वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी स्थानिक पुढारी, दिवाळी अंकासाठी ठेकेदार, आणि निविदांच्या सूचनांसाठी शासकीय कार्यालये. म्हणजे ज्यांच्या कारभारावर लक्ष ठेवायचे, त्यांच्याकडूनच त्याने आपले आणि आपल्या वृत्तपत्राचे पोट भरायचे. अशा माणसाकडून आपण निर्भीडपणाची अपेक्षा करतो आणि ती पुरी झाली नाही की 'पत्रकार विकले गेले' असे म्हणून मोकळे होतो. मला हा न्याय वाटत नाही.

धोका केवळ उत्पन्नाचाही नसतो. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूर तालुक्यातील पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यांची बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती, आणि ज्याच्याविषयी ती होती त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्येच संमत केलेले होते. कायदा असणे आणि तो आडगावच्या रस्त्यावर उपयोगी पडणे, यांत मोठे अंतर आहे. मुंबईतील संपादकाच्या मागे संस्था असते, वकील असतो. तालुक्याच्या वार्ताहराच्या मागे पुष्कळदा फक्त त्याचे कुटुंब असते.

दुसरीकडे, मोठ्या माध्यमांनीच स्वतःची विश्वासार्हता विकल्याची उदाहरणे आहेत. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत 'पेड न्यूज'चा प्रश्न ऐरणीवर आला. एका बड्या नेत्याची स्तुती करणारा मजकूर तीन मोठ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखाच छापून आला होता, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे लिहिलेली वाक्ये शब्दशः जुळत नाहीत, हे सांगायला भाषाशास्त्राचीही गरज नाही. २०१० मध्ये भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने या प्रकाराचा सविस्तर अहवाल तयार केला. जो स्वतःच्या पानांवरील कर्ता लपवतो, जाहिरातीला बातमी म्हणतो, त्याला दुसऱ्याच्या वाक्यातील कर्ता विचारण्याचा अधिकार उरत नाही.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. अलीकडच्या काळात एक मोठा बदल झाला आहे. १९८१ मध्ये सिमेंटच्या नोंदी बाहेर येण्यासाठी आतल्या माणसाची मदत किंवा विधिमंडळातील प्रश्न हाच मार्ग होता. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. त्यामागे अण्णा हजारे यांच्यासारख्यांचे आंदोलन होते. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. आता १० रुपये शुल्क भरून कोणीही नागरिक अर्ज करू शकतो आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळणे बंधनकारक आहे. बऱ्याच गोष्टी तर कलम ४ प्रमाणे कार्यालयाने न मागताच जाहीर केल्या पाहिजेत. या अधिकारालाही कात्री लागू शकते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहिती अधिकारातील व्यक्तिगत माहितीचे कलम बदलण्याची तरतूद आहे आणि त्या कलमातील सार्वजनिक हिताचा अपवाद तिने गाळला आहे. लाभार्थ्यांची नावे, अधिकाऱ्यांची मालमत्ता, शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्यांची माहिती हे सारे 'व्यक्तिगत' म्हणून नाकारले जाईल, ही पत्रकार आणि कार्यकर्त्यांची भीती निराधार नाही. कायद्याच्या एका कलमातून चार शब्द कमी झाले की कर्ता पुन्हा वाक्याबाहेर जातो.

बातमी कशी वाचावी आणि कशी लिहावी

आपण मराठीचे विद्यार्थी आहात, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. किनाऱ्याकडे जाणारा एक रस्ता पहिल्या पावसात उखडला. नेहमीची बातमी अशी असते : 'रस्त्याची दुरवस्था, नागरिकांत तीव्र संताप, प्रशासनाचे दुर्लक्ष.' या बातमीत संताप आहे, विशेषणे आहेत. पण ती वाचून कोणाही अधिकाऱ्याची झोप उडत नाही. कारण 'प्रशासन' हा तितकाच अनाम कर्ता आहे.

दुसरी बातमी अशी असू शकते. कामाचे अंदाजपत्रक किती होते, निविदा कोणाला मिळाली, कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा, मोजमाप पुस्तिकेत डांबराच्या थराची जाडी किती नोंदवली आहे आणि ती कोणत्या अभियंत्याच्या सहीने, देयक केव्हा अदा झाले, आणि दोषदायित्व कालावधी संपला आहे की ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करणे अजून बंधनकारक आहे. शेवटी संबंधित अधिकारी आणि ठेकेदार यांचे म्हणणे. या बातमीत 'भ्रष्टाचार' हा शब्द एकदाही नाही. तिची गरजही नाही. नोंदवलेली जाडी आणि प्रत्यक्षातली जाडी यांतला फरक वाचकाला जे सांगायचे ते सांगतो.

शब्दांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. २०१२ मध्ये राज्याच्या सिंचनप्रकल्पांवरील खर्चाचा वाद पेटला, तेव्हा आर्थिक पाहणी अहवालाच्या आधारे असे मांडले गेले की, दहा वर्षांत सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्चूनही सिंचित क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्का वाढले. सरकारने त्याच वर्षी श्वेतपत्रिका काढून वाढ याहून बरीच अधिक असल्याचा दावा केला. या वादात 'निर्मित सिंचनक्षमता' आणि 'प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र' या दोन संज्ञा सतत एकमेकींच्या जागी वापरल्या गेल्या. क्षमता म्हणजे पाणी पोहोचू शकेल अशी जमीन. क्षेत्र म्हणजे पाणी खरोखर पोहोचले ती जमीन. ज्या बातमीदाराने हा फरक समजावून सांगितला, त्याने वाचकाची सेवा केली. ज्याने दोन्ही आकडे एकाच ताटात वाढले, त्याने गोंधळ वाढवला आणि गोंधळाचा फायदा नेहमी पैसे खाणाऱ्याला मिळतो.

वाचकाचा वाटा

शेवटचा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. या पुस्तिकेचे वाचक शाळेच्या वयाचे नाहीत. आपल्यापैकी कोणी अंगणवाडीत काम करते, कोणी दुकान चालवते, कोणी शासकीय सेवेत आहे, कोणी बागायतदार आहे. म्हणजे कागद आपल्या हातांतून जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-हरिहरेश्वर पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर पंचनामा हा शब्द घराघरांत पोहोचला. पंचनामा कोणी लिहिला, झाडे किती नोंदवली, यादीत नाव कोणाचे आले आणि कोणाचे राहिले, या गोष्टी प्रत्येकाने आपापल्या वाडीपुरत्या तपासल्या. हीच नजर आपण शेजारच्या वाडीच्या, गावाच्या आणि तालुक्याच्या कागदाला लावली, तर वार्ताहराला एकट्याने लढावे लागणार नाही.

त्यासाठी मोठे धाडस लागते असे नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. त्यांना जावे आणि जमाखर्च वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. काम चालू असलेल्या ठिकाणी लावलेला फलक वाचावा. लाच मागितली गेल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. आणि जे स्थानिक वृत्तपत्र किंवा साप्ताहिक असे काम करत असेल, त्याची वर्गणी भरावी. फुकट मिळणारी बातमी कोणाच्या तरी जाहिरातीवर जगते. ती जाहिरात देणाऱ्याला प्रश्न विचारण्याची ताकद वाचकाच्या वर्गणीतून येते. वर्तमानपत्राची किंमत ही चहाच्या कपाहून कमी असावी, असा हट्ट धरणाऱ्या समाजाने निर्भीड पत्रकारिता मागू नये.

माध्यमे भ्रष्टाचार संपवतील, असे मी म्हणणार नाही. १९८१ च्या लेखाने तो संपला नाही आणि पुढेही एका लेखाने संपणार नाही. माध्यमे एवढेच करू शकतात की, सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्याला आपले नाव वाक्यात येईल याची जाणीव राहावी. ही जाणीव मंत्रालयात थोडीफार आहे. ती पंचायत समितीच्या कचेरीत, तलाठ्याच्या सज्जात आणि बंदराच्या चौकीत पोहोचणे बाकी आहे. यापुढे 'करण्यात आले' असे वाक्य आपल्या वाचनात आले, तर विद्यार्थी म्हणून त्याचा प्रयोग ओळखावा आणि नागरिक म्हणून त्याचा कर्ता विचारावा.